शेवंतीला काळोख लागतो: ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीत शेवंती फुलवण्याची वर्षभराची रीत

ऐरोलीला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मी एका आईझाडापासून शेवंतीच्या दोन कुंड्या केल्या. एक ठेवली समोरच्या बाल्कनीत, रस्त्याच्या अंगाला. दुसरीला तिथे जागा उरली नाही म्हणून ती गेली ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. माती तीच, खत तेच, पाणी घालणारी मीच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ड्राय बाल्कनीतली कुंडी पिवळ्या फुलांनी लगडली. समोरची तिच्यापेक्षा वीतभर उंच, पानं हिरवीगार, आणि अंगावर एक कळी नाही. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार ड्राय बाल्कनीतल्या फुलांवर झाला.

मी समोरच्या झाडाची माती उकरून पाहिली, मुळं पाहिली, पानं उलटून पाहिली. झाड ठणठणीत होतं. ऊन तर त्यालाच जास्त मिळत होतं. एका रात्री उशिरा पाणी प्यायला उठले आणि बाल्कनीच्या दारातून बघते तर कठड्यापासून दहा-बारा फुटांवरच्या रस्त्याच्या दिव्याचा पांढरा उजेड त्या झाडाच्या पानापानांवर पडलेला. रात्रभर रोज तसाच पडत होता.

शहरात शेवंती नुसतीच वाढते आणि फुलत नाही, अशी तक्रार ठाण्यात, वाशीत, खारघरला, कुठेही गेलं तरी ऐकू येते. मग लोक खत बदलतात, माती बदलतात, शेवटी झाड बदलतात. खत-मातीचं महत्त्व आहेच, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. पण कुंडी कुठे ठेवायची हे दिवसा ठरवू नका. रात्री बारा वाजता बाल्कनीत उभे राहा आणि मग ठरवा.

झाडाला रात्र कशी कळते

शेवंती सूर्यफुलाच्या कुळातली. झेंडू, अॅस्टर, जर्बेरा, आपल्या गटारकडेला उगवणारा माका, सगळे हिचे भाऊबंद. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल. एखादं फूल उभं चिरून पाहा, तळाशी एकाला एक चिकटून बसलेली फुलं दिसतील.

ही लहान दिवसांत फुलणारी वनस्पती आहे. दिवसाची लांबी आणि फुलोरा यांचा संबंध १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलर्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिला. पुढे १९३० च्या दशकात चैलाख्यान या शास्त्रज्ञाने रशियात शेवंतीवरच प्रयोग केले. त्याने झाडाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली. मग खालच्या पानांना लहान दिवस आणि वरच्या उघड्या शेंड्याला मोठा दिवस दिला. झाड फुललं. उलट करून पाहिलं, पानांना मोठा दिवस आणि शेंड्याला लहान, तर फुललं नाही. म्हणजे कळी येते शेंड्यावर, पण रात्र मोजतात ती पानं. पानांतून काहीतरी निरोप शेंड्याकडे जातो आणि मग शेंडा पानं करायचं थांबवून कळी करायला घेतो.

घरच्या बागेसाठी यातून एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. नुसती कळीवर सावली धरून उपयोग नाही, सगळी पानं अंधारात गेली पाहिजेत. आणि रात्र सलग पाहिजे. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला तरी झाड त्या एका लांब रात्रीच्या दोन लहान रात्री धरतं. फुलशेती करणारे हेच उलट्या बाजूने वापरतात: झाड अजून लहान आहे, कळी नको, तेव्हा पॉलिहाऊसमध्ये रात्री दहा ते दोनच्या सुमारास दिवे लावतात. त्यांनी मुद्दाम केलेली गोष्ट आपल्या बाल्कनीत रस्त्याचा दिवा फुकट करतो.

आपल्या भागाचं आणखी एक आहे. ठाण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस जूनमध्ये, तोही साधारण सव्वातेरा तासांचाच. डिसेंबरमध्ये तो अकरा तासांवर येतो. थंड देशांत उन्हाळ्यात सोळा-सोळा तास उजेड असतो, तसा आपल्याकडे कधीच नसतो. त्यामुळे बऱ्याच जातींना आपल्याकडे पावसाळ्यातसुद्धा कळ्या धरण्याचा मोह होतो. जून-जुलैत चार बोटांच्या रोपावर कळी दिसली की मन हरखतं, पण ती खुडायची. त्या वयात फुललेलं झाड पुढे खुरटं राहतं. आणि आपल्याकडच्या गरम रात्री कळीची पुढची वाढ लांबवतात, ऑक्टोबरच्या उकाड्यात तर फारच. म्हणून देशावर शेवंती दसरा-दिवाळीला बाजारात आली तरी खाडीकाठच्या आपल्या घरात ती नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत फुलते. हा उशीर मनाला लावून घेऊ नका.

कोणती शेवंती आणावी

दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. डिसेंबरमध्ये घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत दिसते ती बुटकी, गोलमटोल, गच्च फुललेली कुंडी. ती दिसायला सुरेख असते, पण तिला वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं आणि काळ्या पडद्याखाली ठेवून फुलवलेलं असतं. पुढच्या वर्षी तीच जात दीड-दोन फूट उंच होते. झाड बिघडलेलं नसतं, औषधाचा असर उतरलेला असतो. आणलीत तर फुलं उरकल्यावर टाकू नका, खाली सांगितल्याप्रमाणे तिच्या काश्या, म्हणजे बुंध्याभोवती मातीतून येणारे फुटवे, धरा.

दुसरी आपली हार-वेण्यांची शेवंती: झिप्री, राजा, रेवडी, बग्गी, सोनाली तारा. फूल लहान किंवा मध्यम, पण संख्या भरपूर. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पिवळी किंवा पांढरी लहान फुलांचीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मोठ्या, आत वळलेल्या पाकळ्यांच्या प्रदर्शनी जाती आपल्या दमट हवेत फार सांभाळाव्या लागतात, आणि पहिल्याच वर्षी अपयश आलं की माणूस शेवंतीच सोडून देतो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने कुंडीसाठी शेंडा न खुडता, काठी न लावता आपोआप गोल वाढणाऱ्या जाती काढल्या आहेत. तशी एखादी मिळाली तर ज्यांना रोज वेळ नाही त्यांच्यासाठी ती उत्तम.

जागा आणि ऊन

दिवसाला पाच-सहा तास ऊन लागतं. इथे दिशेचा विचार करा. जूनमध्ये ठाण्याचा सूर्य दुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा ऊन शिरतच नाही. ऑक्टोबरपासून तो दक्षिणेकडे उतरतो आणि डिसेंबरमध्ये दुपारचं ऊन वरच्या स्लॅबखालून पार घरात येतं. म्हणजे शेवंतीला कळ्या-फुलांच्या वेळी ऊन हवं, तेव्हाच ते दक्षिण बाल्कनीत असतं. पूर्वेची बाल्कनीही चांगली. पश्चिमेची चालते, पण एप्रिल-मेच्या दुपारी रोपं आत घ्यावी लागतात. उत्तरेची मात्र हिच्या कामाची नाही.

तुमची उन्हाची बाल्कनी आणि काळोखाची बाल्कनी वेगवेगळी असेल, तर वाईट वाटून घेऊ नका; आठ इंचाची कुंडी उचलून आत-बाहेर करता येते. म्हणूनच मी बारा इंचाच्या जड कुंड्या घेत नाही. आठ किंवा दहा इंच पुरतात.

माती

लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग, जाडी वाळू अर्धा भाग. दहा इंचाच्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा: गोळा व्हावा, पण बोटाने टोचला की फुटावा. गोळा चिखलासारखा चिकटून राहिला तर वाळू वाढवा. बिल्डिंगच्या आवारातली काळी चिकणमाती आणून भरू नका. पावसात ती कुंडीत विटेसारखी बसते. कुंडीच्या भोकांवर खापरीचा तुकडा पालथा ठेवा आणि खालची ताटली पावसाळाभर काढून टाका. शेवंती पाण्यावाचून एक दिवस काढेल, पण साचलेल्या पाण्यात दोन दिवस काढणार नाही. शिवाय ताटलीतल्या पाण्यात डास होतात ते वेगळंच.

वर्ष सुरू होतं जानेवारीत

शेवंतीचं नवं वर्ष फुलं सुकल्यावर सुरू होतं. शेवटची फुलं उतरली की सगळ्या फांद्या मातीपासून चार-सहा बोटं ठेवून छाटा, थोडं गांडूळखत द्या. दोन-तीन आठवड्यांत बुंध्याभोवती मातीतून कोवळे फुटवे वर येतात. ह्याच काश्या. जुन्या बुंध्यावर वरच्या बाजूला येणारे फुटवे वेगळे, ते निबर असतात. आपल्याला हवेत ते मातीतून आलेले. चार-पाच पानं झाली की काशी मुळासकट अलगद सोडवून छोट्या कुंडीत किंवा दुधाच्या पिशवीत लावा.

मार्च ते मे फक्त ही पिल्लं जगवायची. सकाळचं ऊन, दुपारी सावली, माती ओलसर. ह्या दिवसांत खत नको. कोरड्या उन्हाळ्यात पानाखाली लाल कोळी ही बारीक कीड येते, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारत जा.

खरी रोपं मी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करते, ह्या जगवलेल्या काश्यांचे शेंडे कापून. काशी थेट वाढवली तरी फुलं येतात, पण झाड लांबुडकं आणि खालून उघडं होतं. शेंडाकलमाचं झाड बुंध्यापासून भरतं. शिवाय जूनमधली दमट हवा कलमांना फारच मानवते.

कलम कसं करायचं ते नीट सांगते. सकाळी, रोप पाणी पिऊन ताठ असताना कापायचं. शेंड्यापासून साधारण बोटभर, म्हणजे सहा-सात सेंटिमीटर. काडी वाकवून पाहा. भेंडीचं टोक कट्कन मोडतं तशी मोडली तर ती योग्य. नुसती वाकली तर निबर झाली आहे, मुळं उशिरा फुटतील. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि पान जिथे फुटतं त्या पेराच्या लगेच खाली सरळ काप द्या, कारण मुळं त्या पेरापाशी जोमाने येतात. खालची दोन-तीन पानं काढा, ओरबाडू नका, नखाने देठाशी दाबा. वरची पानं मोठी असतील तर त्यांचा अर्धा भाग कात्रीने कापा, म्हणजे काडीतलं पाणी कमी उडतं. खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत टेकवून झटका. नसली पावडर तरी अडत नाही, शेवंतीला मुळं सहज फुटतात.

ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये आधी काडीने भोक पाडा आणि मग कलम ठेवा. थेट खुपसलं तर पावडर पुसली जाते आणि सालही सोलते. दोन बोटांनी भोवतालची वाळू दाबा. वर पारदर्शक पिशवीची झापड घाला, रोज सकाळी पाच मिनिटं उघडा, उन्हात ठेवू नका. दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. उपटून बघायचा मोह होतो, मला अजूनही होतो. त्याऐवजी कलम किंचित वर ओढा. मातीने धरून ठेवलं तर मुळं धरली आहेत. दहा कलमं केलीत तर सात-आठ लागतात, म्हणून हवी त्यापेक्षा जास्त करा.

लावणी आणि शेंडा खुडणं

जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कलमं मोठ्या कुंडीत जातात. आठ इंचाला एक, दहा इंचाला तीन. काडी वाळूत जितकी आत होती तितकीच आत ठेवा, खोल पुरू नका.

चार आठवड्यांनी, सहा-आठ पानं झाली की शेंडा खुडायचा. फक्त वरचं कोवळं टोक, अर्धा इंच. अंगठा आणि तर्जनीत धरून नखाने. दोन आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून तीन-चार फांद्या फुटतात. त्या वीतभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. पहिली खुडणी ऑगस्टच्या सुरुवातीला, दुसरी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पंधरा सप्टेंबरनंतर माझ्या कुंडीला नख लागत नाही. त्यानंतर खुडलं तर नव्या फांद्यांना वाढायला वेळ मिळत नाही आणि मार्गशीर्ष हातचा जातो.

शेजारच्या वहिनींना दुसऱ्या खुडणीच्या वेळी माझ्या हातातली मूठभर टोकं बघवली नाहीत. "अहो, एवढं चांगलं वाढलंय, कशाला कापताय?" त्यांनी त्यांचं झाड तसंच ठेवलं. ते कमरेइतकं उंच झालं आणि सगळी फुलं वरच्या टोकाला, पाच-सहा. पुढच्या वर्षी त्या स्वतः नख घेऊन बसल्या.

प्रत्येक फांदीला बांबूची बारीक काडी द्या. सुतळी आठच्या आकड्यासारखी फिरवा, एक वेढा काडीला, एक फांदीला, मधे पीळ. फांदी आवळू नका.

अडीच हजार मिलिमीटरचा पाऊस

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. शेवंती हे देशावरच्या मोकळ्या, निचऱ्याच्या रानातलं पीक. जुलै-ऑगस्टमध्ये तिला छपराखाली ठेवण्याला पर्याय नाही. बाल्कनीच्या कठड्यावरून कुंडी उतरवून स्लॅबच्या आत घ्या, दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोकं मोकळी राहतात. पाणी घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर घालू नका. सतत झड असेल तर आठवडाभरही पाणी लागत नाही.

ह्याच दिवसांत खालच्या पानांवर काळपट-तपकिरी ठिपके दिसतात, मग पान पिवळं पडून लोंबतं. बुरशीचं काम. ठिपक्याचं पान लगेच तोडा आणि कंपोस्टमध्ये न टाकता कचऱ्यात द्या, पानांवर पाणी उडू देऊ नका, कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने आटोक्यात येतं. नाहीच आलं तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, पाऊस उघडलेला असताना, नाका-तोंडाला फडकं बांधून आणि मुलांना आत पाठवून. माती ओली असूनही झाड अचानक मान टाकत असेल तर मात्र मुळं सडली आहेत. ते झाड वाचत नाही. उपटून मातीसकट टाका, कुंडी उन्हात तापवा, आणि शेजारच्या कुंड्यांना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, घाला. एका झाडाची माया धरून मी एकदा चार गमावली आहेत.

खताचं म्हणाल तर पहिल्या खुडणीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं पाणी: शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात चार-पाच दिवस भिजवायची, मग दहापट पाणी घालून कपभर द्यायची. वास येतो, फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. नको असेल तर महिन्याला दोन मुठी गांडूळखत. कळ्या मोहरीएवढ्या दिसल्या की नत्राचं खत बंद, नाहीतर झाड पुन्हा पानांकडे वळतं. त्यानंतर झिरो बावन्न चौतीस (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. तेवढं पुरे.

आता रात्रीचं काम

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री घरातले सगळे दिवे बंद करा आणि वर्तमानपत्र घेऊन बाल्कनीत जा. पाच मिनिटं डोळे स्थिरावू द्या. मग कुंडीच्या उंचीला, जिथे पानं असणार तिथे, पेपर धरा. बारीक मजकूर वाचता आला तर ती जागा शेवंतीला चालणार नाही. मथळे कसेबसे दिसत असतील तर बेतास बात. पेपर नुसता करडा दिसला तर उत्तम. घरातल्या सगळ्या खिडक्या, ड्राय बाल्कनी, गच्चीतल्या पाण्याच्या टाकीमागची जागा अशीच तपासा. एकाच बाल्कनीत दोन कोपऱ्यांत केवढा फरक असतो ते पाहून आश्चर्य वाटेल. कठड्याच्या भिंतीची सावली पडते तिथे, जमिनीलगत, बऱ्याचदा पुरेसा काळोख असतो. मग कुंडी फक्त स्टँडवरून खाली उतरवायची एवढंच काम.

आणि उजेड फक्त रस्त्याचाच नसतो. हॉलची ट्यूबलाइट काचेच्या दारातून रात्री अकरापर्यंत बाहेर पडते. जिन्यातला दिवा असतो, समोरच्या टॉवरच्या गच्चीवरचे हॅलोजन असतात, पाम बीच रोडलगतच्या घरांना तर रात्र अशी नसतेच. दाराला जाड पडदा लावला तर निम्मा प्रश्न सुटतो.

काळोखाचा कोपरा मिळालाच नाही तर झाकायचं. मी पुठ्ठ्याचा मोठा खोका वापरते, फ्रिज किंवा वॉशिंग मशीन ज्यात येतं तो. तळ कापून टाकला की वरून सहज ठेवता येतो. वरच्या बाजूला दोन भोकं पाडून त्यांवर पुठ्ठ्याची तिरकी पट्टी चिकटवली, म्हणजे वारा जातो पण उजेड सरळ आत येत नाही. जाड काळं सुती कापड दुहेरी करूनही चालतं, मात्र ते पानांना टेकता कामा नये, चार काड्या रोवून त्यांवर टाका. प्लास्टिक नको, आत वाफ धरते आणि पानं कुजतात. वेळ: संध्याकाळी सात ते सकाळी सात. पाच वाजता झाकू नका. ऑक्टोबरच्या उन्हात खोका तापतो आणि गरम रात्र कळीला मागे ओढते.

हे रोज करावं लागतं. एखाद्या रात्री विसरलात तर लगेच सगळं गेलं असं होत नाही, पण शनिवार-रविवार गावाला गेलात आणि खोका राहिला, असं दोन-तीनदा झालं की कळ्या वेड्यावाकड्या येतात, मधेच पानासारख्या होतात. कोणाला तरी सांगून जा. कळीला रंग दिसू लागला की झाकणं थांबवा, त्यापुढे उजेडाने बिघडत नाही.

केव्हा सुरू करायचं? लांब रात्रींना सुरुवात झाल्यापासून फूल उमलेपर्यंत जातीप्रमाणे आठ ते दहा आठवडे धरा, आपल्या उकाड्याचे एक-दोन वाढवा. मार्गशीर्ष नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरमध्ये लागतो. म्हणून खोका सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात निघतो, घटस्थापनेच्या आसपास.

आणि दिवाळी. आकाशकंदील आणि तोरणं आपण नेमकी बाल्कनीतच लावतो, नेमक्या कळ्या धरायच्या दिवसांत, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतो. कंदील लावाच, पण शेवंतीची कुंडी तेवढे दिवस दुसरीकडे न्या किंवा झाकलेलीच ठेवा. तोरणांचे लुकलुकणारे लाल दिवे निरुपद्रवी वाटतात, पण झाडाची रात्र मोडायला लाल उजेडच सगळ्यात प्रभावी असतो.

कळ्या, मावा आणि फुलं

फांदीच्या टोकाला मधोमध एक मोठी कळी आणि भोवती लहान कळ्या येतात. हारा-वेणीसाठी भरपूर फुलं हवीत तर मधली कळी मटारएवढी असताना काढा. बाजूच्या सगळ्या एकसारख्या उमलतात. एकच मोठं फूल हवं तर उलट, मधली ठेवून बाजूच्या काढायच्या. मी घरच्या पूजेसाठी नेहमी पहिलंच करते.

कळीच्या देठावर काळपट मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, गर्दी करतो. रोज सकाळी देठ बोटांत धरून बघायची सवय लावा. सुरुवातीला पाण्याची धार पुरते. वाढला तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब, संध्याकाळी फवारा. उमललेल्या फुलांवर नको, डाग पडतात. पाकळ्यांवर पांढुरके ओरखडे दिसले तर फुलकिडे आहेत. निळा चिकट सापळा कुंडीत उभा करा.

काही जणांच्या हाताला शेवंतीच्या पानांनी खाज सुटते, पुरळ येतं. माझ्या सासूबाईंना येतं, म्हणून खुडणीला त्या हातमोजे घालतात. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पानं चघळू देऊ नका, त्यांना उलट्या होतात.

फूल खुडायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आत, बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडलेल्या आणि मधला ठिपका अजून घट्ट असताना. फुलदाणीत ठेवायचं तर लांब देठ घ्या, पाण्यात बुडतील ती पानं काढा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठवडाभर सहज टिकतं. वेणीसाठी देठ अर्धा इंचच ठेवा. आदल्या रात्री गुंफलेली वेणी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर गुरुवारी सकाळी जशीच्या तशी मिळते.

सुकलेली फुलं खुडत राहिलात तर मागच्या कळ्यांना जोर येतो आणि बहर जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. त्यानंतर फांद्या पुन्हा चार-सहा बोटांवर आणा. छाटण्याआधी कुंडीला जातीच्या नावाची आणि पहिलं फूल उमललं त्या तारखेची चिठ्ठी बांधा, जमलं तर कोणत्या कोपऱ्यात होती तेही लिहा. फेब्रुवारीत काश्या वर आल्या की सगळ्या सारख्याच दिसतात, आणि शेजारी मागायला येतात तेव्हा कोणती काशी कोणाला देतोय ते सांगता आलं पाहिजे. माझ्या त्या ड्राय बाल्कनीतल्या झाडाच्या काश्या आता आमच्या बिल्डिंगमध्ये पाच घरांत आहेत. दर वेळी चिठ्ठीवर मी एक ओळ लिहून देते: रात्री पेपर वाचून बघा.